एकेरी मार्ग, अनेक गाड्या

श्रीरामपूर शहरातल्या रेल्वे स्थानकावर पाटी आहे ती बेलापूरची. प्रवरेच्या काठचे बेलापूर गाव तिथून काही किलोमीटर अंतरावर आहे. या स्थानकावरून जाणारा दौंड ते मनमाड हा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला आणि मध्य भारताकडे व दक्षिणेकडे जाणारे दोन मोठे मार्ग त्याने अहमदनगर जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, एकमेकांना जोडले. इथून पुण्याहून जम्मूकडे जाणारी झेलम, बेंगळुरूहून दिल्लीला जाणारी कर्नाटक एक्सप्रेस, वास्कोहून निघालेली गोवा एक्सप्रेस, कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस आणि शिवाय मालगाड्या जातात. आणि हा सगळा भार पिढ्यानपिढ्या वाहिला तो एकेरी मार्गाने. दुहेरीकरणाचे काम झाले ते अगदी अलीकडे, टप्प्याटप्प्याने.

या मार्गावर ज्यांनी प्रवास केला आहे त्यांना ‘क्रॉसिंग आहे’ हे दोन शब्द वेगळे समजावून सांगायला नकोत. राहुरी, पढेगाव, बेलापूर, पुणतांबा, कोपरगाव अशा कुठल्याही स्थानकात गाडी बाजूच्या लूप लाईनवर थांबते. दहा मिनिटे जातात, वीस जातात. मग समोरून दुसरी गाडी येते, मधल्या रुळावरून निघून जाते, आणि थांबलेली गाडी जिथे थांबली होती तिथूनच पुढे निघते. तिचा एकही डबा कमी झालेला नसतो, एकही प्रवासी जागेवरून हललेला नसतो. दोन स्थानकांच्या मधल्या रुळावर एका क्षणी एकच गाडी असते. तरीही दिवस संपतो तेव्हा दोन्ही दिशांच्या सगळ्या गाड्या पोचलेल्या असतात.

संगणक एकाच वेळी गाणे वाजवतो, पत्र टंकून घेतो, फाईल उतरवून घेतो आणि घड्याळाचा काटाही पुढे सरकवतो, तेव्हा त्याच्या आत हेच चाललेले असते. प्रोसेसरचा एक गाभा एका क्षणी एकाच कामाच्या सूचना पाळतो. बाकीची कामे थांबलेली असतात. या करामतीचे श्रेय आपण सहसा वेगाला देतो. मला ते अपुरे वाटते. वेग असला तरी काम अर्ध्यावर थांबवता आले नसते, आणि थांबवलेले काम काहीही न हरवता पुन्हा चालू करता आले नसते, तर आजचा संगणक घडलाच नसता. खरे आश्चर्य या थांबवण्यात आहे.

आधी काळाचे माप पाहू. आज साध्या लॅपटॉपमधला प्रोसेसरही सेकंदाला सुमारे ३ अब्ज ठोक्यांनी चालतो. चांगला टंकलेखक सेकंदाला ५ अक्षरे टंकतो असे धरले, तर दोन अक्षरांच्या मध्ये सेकंदाचा पाचवा भाग जातो. तेवढ्यात प्रोसेसरचे ६० कोटी ठोके होऊन जातात. ‘क’ आणि ‘म’ या दोन कळांच्या मधल्या अवकाशात पत्र लिहिण्याच्या प्रोग्रामला करण्यासारखे काहीच नसते. चकतीवरून माहिती येईपर्यंत, दूरच्या संगणकाचे उत्तर येईपर्यंतही तीच गत. बहुतेक प्रोग्राम आयुष्याचा बहुतेक काळ कशाची तरी वाट पाहत काढतात. हा रिकामा वेळ दुसऱ्या कामाला देता आला तर यंत्र तेवढेच राहून कामे अनेक होतील, हा साधा हिशेब या साऱ्यामागे आहे.

हा हिशेब ज्या काळात कळीचा झाला, त्या काळात संगणक म्हणजे खोलीभर पसरलेले आणि देशाला परवडेल न परवडेल अशा किमतीचे यंत्र होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला ‘टिफ्रॅक’ १९६० मध्ये कामाला लागला. १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकेतल्या कंट्रोल डेटा कंपनीचा ३६०० हा मोठा संगणक आला आणि देशभरातल्या संस्था आपली गणिते त्यावर सोडवून घेऊ लागल्या. त्या काळची पद्धत अशी: कार्डांना भोके पाडून प्रोग्राम लिहायचा, कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा आणि छापील उत्तराची वाट पाहायची. एखादा स्वल्पविराम चुकला की पुन्हा नवा गठ्ठा, पुन्हा वाट. यंत्र अखंड चालावे म्हणून माणसे थांबत होती.

उलट करता येईल का, म्हणजे माणसांना वाटेल की यंत्र आपल्याचसाठी आहे आणि थांबणे सगळे यंत्राच्या पोटात होईल, हा प्रश्न १९५९ मध्ये दोन ठिकाणी स्पष्टपणे मांडला गेला. पॅरिसच्या परिषदेत इंग्लंडच्या ख्रिस्तोफर स्ट्रॅची यांनी वेळ वाटून घेण्याच्या कल्पनेवर निबंध वाचला, आणि अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी त्याच दिशेचे टिपण लिहिले. नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीतच फर्नांडो कॉर्बातो यांनी आयबीएम ७०९ या यंत्रावर ही गोष्ट चालवून दाखवली. एकच यंत्र, पण निरनिराळ्या टंकयंत्रांपाशी बसलेल्या माणसांना आपापले उत्तर लगेच मिळत होते. या प्रणालीचे नाव ‘कंपॅटिबल टाइम-शेअरिंग सिस्टिम’. अनेकांच्या फाईली एकाच यंत्रात आल्यावर त्या एकमेकांपासून राखण्यासाठी तिच्यात प्रत्येकाला परवलीचा शब्द दिला गेला. आज आपल्याला छळणारा पासवर्ड संगणकात आला तो असा. कॉर्बातोंना पुढे १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. मुंबईच्या टाटा संस्थेतही १९७० च्या दशकात ‘डेक-१०’ हा वेळ वाटून देणारा संगणक आला आणि गठ्ठा देऊन वाट पाहण्याचा काळ मावळू लागला.

आता थांबवण्याच्या क्रियेकडे जवळून पाहू, कारण सगळी जादू तिथेच आहे.

प्रोसेसरच्या आत रजिस्टर नावाच्या मोजक्या जागा असतात. आजच्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये सर्वसाधारण कामाची अशी १६ रजिस्टर असतात, आणि खास गणितांसाठी आणखी काही. चालू बेरजेतले आकडे त्या क्षणी इथे असतात. आणखी एका रजिस्टरमध्ये पुढची सूचना स्मृतीत कुठे आहे त्याचा पत्ता असतो. एखादा प्रोग्राम या क्षणी नेमका कुठवर आला आहे याचे संपूर्ण वर्णन एवढ्यात मावते. त्याच्या स्मृतीतला मजकूर जागच्या जागी राहतोच. म्हणजे हे काहीशे बाइट, फार तर काही किलोबाइट, नीट लिहून ठेवले की प्रोग्राम हवा तेवढा वेळ बाजूला ठेवता येतो. पुन्हा त्याची पाळी आली की तेच आकडे त्याच रजिस्टरांत भरायचे आणि शेवटी पत्त्याच्या रजिस्टरात तो पत्ता. पुढच्याच ठोक्याला प्रोग्राम चालू होतो. बेरजेतला एक आकडा थांबण्यापूर्वी उचललेला आणि दुसरा थांबल्यानंतर उचललेला, असेही घडते, आणि बेरीज बरोबर येते. आपण मध्ये थांबलो होतो हे प्रोग्रामला कळायला मार्गच नसतो. घड्याळ पाहिले तर तेवढे कळेल.

पण थांबवणार कोण? इथे एक पेच आहे. प्रोग्राम चालू असताना प्रोसेसर त्याचा असतो. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे सगळ्यांवर देखरेख ठेवणारी प्रणाली, हीसुद्धा एक प्रोग्रामच. ज्या क्षणी दुसरा चालू आहे त्या क्षणी ती चालू नाही. मग ती हस्तक्षेप करणार कशी? उत्तर यंत्राच्या तारांमध्ये आहे. संगणकात एक घड्याळी मंडल असते. ते सेकंदाला साधारण १०० ते १००० वेळा प्रोसेसरला इशारा देते. इशारा आला की हातातली सूचना पुरी करून प्रोसेसर मुकाट्याने एका ठरलेल्या पत्त्यावर उडी घेतो, आणि त्या पत्त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम बसलेली असते. प्रोग्रामची इच्छा इथे विचारात घेतली जात नाही. कळ दाबली, माऊस हलला, नेटवर्कवरून माहिती आली, तरी असाच इशारा जातो.

ही सक्ती नसेल तर काय होते ते १९९० च्या दशकात अनेकांनी अनुभवले आहे. विंडोज ३.१ मध्ये त्या प्रणालीसाठी लिहिलेले प्रोग्राम आपण होऊन ताबा सोडतील यावर सगळी भिस्त होती. एखादा बिघडलेला प्रोग्राम ताबा सोडेना की सगळा पडदा गोठत असे आणि संगणक बंद करून पुन्हा चालू करण्यावाचून गत्यंतर उरत नसे. १९९५ च्या विंडोजने नव्या प्रोग्रामांना सक्तीने थांबवायला सुरुवात केली. मॅकिन्टॉशच्या वापरणाऱ्यांना त्यासाठी २००१ पर्यंत थांबावे लागले. आणि ज्या युनिक्स प्रणालीमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून ही व्यवस्था घडवली, तिचे वंशज आज आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहेत.

थांबवता आले की पुढचा प्रश्न येतो: आता कोणाला सोडायचे? स्टेशन मास्तर आणि नियंत्रण कक्षातले अधिकारी रोज हाच प्रश्न सोडवतात. एक्सप्रेस आली की मालगाडी बाजूला. हा नियम सगळ्यांना मान्य असतो. पण एक्सप्रेसमागून एक्सप्रेस येतच राहिल्या तर मालगाडी कधीच सुटणार नाही. संगणकशास्त्रात या अवस्थेला उपासमार असेच म्हणतात. त्यावरचा जुना उपाय असा की वाट पाहणाऱ्याचा मान वेळेबरोबर वाढवत न्यायचा.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००७ साली इंगो मोल्नार यांनी आणलेली योजना मला या सगळ्यांत देखणी वाटते. प्रत्येक कामाच्या नावावर त्याने आजवर प्रोसेसर किती वेळ वापरला याची नोंद राहते, आणि ज्याने सर्वांत कमी वापरला त्याचा पुढचा नंबर. महत्त्वाच्या कामाची नोंद सावकाश वाढते, बिनमहत्त्वाच्या कामाची भराभर. त्यामुळे महत्त्वाला जास्त वाटा मिळतो, पण कोणीही कायमचा मागे राहत नाही. कळ दाबण्याची वाट पाहत झोपलेल्या प्रोग्रामची नोंद फार कमी असते, म्हणून कळ दाबली रे दाबली की तो सहसा सर्वांच्या पुढे येतो आणि अक्षर विनाविलंब पडद्यावर उमटते. कोणाला मुद्दाम ‘हा प्रोग्राम माणसाशी बोलतो, याला पुढे घ्या’ असे सांगावे लागत नाही. या योजनेला प्रेरणा देणाऱ्यांत कॉन कोलिव्हास हे नाव आहे. ते व्यवसायाने ऑस्ट्रेलियातले भूलतज्ज्ञ डॉक्टर! २०२३ पासून लिनक्सने तिच्या जागी नवी योजना घेतली आहे, पण वाट्याचा न्याय हे मूळ सूत्र टिकून आहे.

महत्त्वाचे काम कोणते हे आधी ठरवून ठेवल्याने काय साधते याचे सर्वांत थरारक उदाहरण २० जुलै १९६९ चे आहे. अपोलो ११ चे यान चंद्रावर उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ हा धोक्याचा आकडा दाखवला. चालू राहिलेल्या एका रडारकडून अनावश्यक इशारे येत होते, प्रोसेसरचा वेळ खात होते आणि कामे पुरी होण्याआधी नवी कामे साचत होती. त्या संगणकाची लिहिता येणारी स्मृती होती अवघी २०४८ शब्दांची. पण हॅल लॅनिंग यांनी रचलेली त्याची कार्यव्यवस्था अशी होती की जागा संपली की संगणक क्षणार्धात नव्याने सुरू व्हायचा, यान सांभाळण्याची कामे जिथे होती तिथून उचलायचा आणि कमी महत्त्वाची कामे सोडून द्यायचा. यान उतरले.

इथवर आपण असे धरले की प्रत्येक गाडी आपल्या वाटेने जाते. खरी कठीण गोष्ट सुरू होते ती दोघांना एकच वस्तू हवी असते तेव्हा.

बेलापूर स्थानकाची आरक्षणाची खिडकी डोळ्यांसमोर आणा. महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये ठरावीक तारखेला एकच बर्थ शिल्लक आहे. बेलापूरच्या खिडकीवर आणि नागपूरच्या खिडकीवर एकाच क्षणी तिची मागणी येते. संगणकाला दोन पायऱ्या करायच्या आहेत: शिल्लक किती ते वाचणे, आणि एक वजा करून पुन्हा लिहिणे. बेलापूरच्या कामाने ‘१ शिल्लक’ वाचले आणि नेमक्या त्याच क्षणी घड्याळाचा इशारा आला. ते काम थांबले, नागपूरचे सुरू झाले. त्यानेही वाचले ‘१ शिल्लक’, शून्य लिहिले, तिकीट दिले. मग बेलापूरचे काम जिथे थांबले होते तिथून पुढे निघाले. त्याच्या रजिस्टरात अजून १ च आहे. त्यानेही शून्य लिहिले आणि तिकीट दिले. प्रोग्राम दोन्हीकडे निर्दोष, आणि एका बर्थवर दोन प्रवासी. थांबल्याचा पत्ता लागत नाही हा जो गुण आपण आत्ता वाखाणला, तोच इथे उलटतो. आणि ही चूक हजारात एखाद्या वेळीच घडते, म्हणून चाचणीत ती सापडतही नाही. प्रोग्राम लिहिणारे या प्रकारच्या दोषाला सर्वांत जास्त भितात ते उगाच नाही.

उपाय एकेरी मार्गाने फार आधी शोधून ठेवला होता. भारतातल्या एकेरी मार्गांवर अनेक दशके ‘टोकन’ वापरात होते. दोन शेजारच्या स्थानकांत विजेने जोडलेली दोन यंत्रे, त्यांत पोलादी गोळे. दोन्ही यंत्रांतून मिळून एका वेळी एकच गोळा बाहेर काढता येतो. तो गोळा चालकाच्या हाती पडल्याशिवाय गाडी त्या टापूत शिरत नाही. पुढच्या स्थानकावर तो यंत्रात परत टाकला की मगच दुसरा निघू शकतो. मोठ्या कडीला अडकवलेल्या पिशवीतला हा गोळा चालत्या गाडीतून देताघेताना ज्यांनी पाहिला आहे, ते तो विसरत नाहीत. आता हेच काम बहुतेक ठिकाणी गोळ्यावाचून विजेची यंत्रणा करते.

हॉलंडचे एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला संगणकासाठी हाच नियम गणिती काटेकोरपणे बांधला, आणि त्याला नाव दिले ‘सेमाफोर’, म्हणजे रेल्वेचा हात वर-खाली होणारा सिग्नल. १९६५ च्या त्यांच्या निबंधातून ते सगळीकडे पोचले. सामायिक वस्तूला हात लावण्यापूर्वी टोकन घ्यायचे, काम झाले की परत ठेवायचे, आणि टोकन दुसऱ्याकडे असेल तर झोपून राहायचे. टोकन घेण्याची क्रिया मात्र अर्ध्यावर तुटता कामा नये. त्यासाठी प्रोसेसरमध्येच ‘पाहा आणि बदल’ एका दमात करणाऱ्या खास सूचना असतात. आपल्या बर्थच्या बाबतीत बेलापूरच्या कामाने आधी टोकन घेतलेले असते. मध्येच ते थांबले तरी नागपूरच्या कामाला टोकन मिळत नाही; ते काही सहस्रांश सेकंद वाट पाहते आणि मग खरे उत्तर वाचते: प्रतीक्षा यादी. भारतीय रेल्वेचे संगणकीय आरक्षण १९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीत सुरू झाले. १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांना जोडली गेली आणि कुठल्याही खिडकीवरून कुठलीही गाडी मागता येऊ लागली. सकाळी १० ला वातानुकूलित आणि ११ ला स्लीपर डब्यांचे तत्काळ आरक्षण उघडते तेव्हा देशभरातून एकाच क्षणी आलेल्या मागण्यांतून एक बर्थ एकालाच जाते. तिकीट न मिळाल्याचा राग मी समजू शकतो. पण त्या पहिल्या काही सेकंदांत यंत्रणा जे सांभाळते त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

टोकनाने एक संकट टळते आणि दुसरे उभे राहते. समजा, बेलापूरच्या सगळ्या लायनींवर मनमाडकडे तोंड करून गाड्या उभ्या आहेत आणि पुढच्या स्थानकात सगळ्या लायनींवर दौंडकडे तोंड करून. प्रत्येकीला दुसरीची जागा हवी आहे आणि कोणालाच मागे सरता येत नाही. नियम कोणीच मोडलेला नाही, तरी सगळे कायमचे अडकले. संगणकात एका प्रोग्रामने छपाईयंत्राचे टोकन घेऊन फाईलचे मागितले आणि दुसऱ्याने फाईलचे घेऊन छपाईयंत्राचे, की हीच कोंडी होते. १९७१ मध्ये कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांनी दाखवले की ही कोंडी होण्यासाठी चार गोष्टी एकत्र याव्या लागतात: वस्तू एकालाच वापरता येणे, हातची धरून दुसरी मागणे, हातची हिसकावून घेता न येणे, आणि मागण्यांचे वर्तुळ पुरे होणे. चारांतली एक मोडली की कोंडी होत नाही. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे सगळ्या टोकनांना क्रमांक देऊन ती चढत्या क्रमानेच घ्यायची. मग वर्तुळ पुरे होऊच शकत नाही. पुढे किमान एक लूप मोकळी आहे असे पाहूनच गाडी सोडायची ही रेल्वेची खबरदारीही डायक्स्ट्रांनी संगणकासाठी सूत्रबद्ध केली होती.

पुण्यात गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने याच विषयाचे एक वेगळे टोक गाठले. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. अमेरिकेने क्रे कंपनीचा महासंगणक द्यायला आडकाठी केल्यानंतरची ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. कमी ठाऊक आहे ते त्यातल्या प्रोसेसरचे वैशिष्ट्य. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ‘ट्रान्सप्युटर’ या चिपा त्यात एकमेकींना जोडल्या होत्या. इतर प्रोसेसरांत काम बदलण्याचे ओझे ऑपरेटिंग सिस्टिम वाहते. ट्रान्सप्युटरमध्ये कामांची रांग ठेवणे आणि पुढचे काम उचलणे हे चिपमध्येच कोरलेले होते, तेही दोन दर्जांच्या रांगांसह. शेजारच्या चिपशी बोलण्यासाठी प्रत्येकीला चार दुवे. निरोपाची वाट पाहणारे काम आपोआप बाजूला होई आणि निरोप आला की आपोआप रांगेत येई. महासंगणक म्हणजे अनेक प्रोसेसर एकत्र आणणे एवढेच नव्हे. त्यांच्या वाट पाहण्याची शिस्त लावावी लागते, हे त्या यंत्राने भारतीय अभियंत्यांना शिकवले असे मी मानतो. २००५ च्या सुमारापासून घरगुती संगणकांतही एकाऐवजी दोन, चार, आठ गाभे आले आणि काही कामे खरोखरच एका क्षणी चालू लागली. पण गाभे वाढले म्हणून टोकने गेली नाहीत. स्मृती सामायिक, फाईली सामायिक; उलट भांडणे वाढली.

लोणीच्या प्रवरा ग्रामीण अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या ठिकाणी संगणक शिकणाऱ्यांना हा विषय ‘ऑपरेटिंग सिस्टिम्स’ या नावाने भेटतो. त्यावरची नावाजलेली पाठ्यपुस्तके आयआयटी मुंबईच्या धनंजय धामधेरे यांनी लिहिली आहेत. ‘किमयागार’मुळे मराठी वाचकांच्या घरोघरी पोचलेले अच्युत गोडबोले यांचेही याच विषयावर इंग्रजी पाठ्यपुस्तक आहे. पण या विषयात मुंबईने जगाला दिलेली एक गोष्ट अशी आहे की जिची ओळख आपल्याकडे फारच थोड्यांना आहे, आणि ती नीट सांगायला हवी.

काही कामांना नुसते ‘लवकर’ पुरत नाही. ‘अमुक वेळेच्या आत, नेहमी’ असे वचन लागते. मोटारीचा ब्रेक, विमानाचे सुकाणू. जुलै १९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर यानाचा संगणक वारंवार नव्याने सुरू होऊ लागला, तेव्हा कारण निघाले ते असे: हवामान मोजणाऱ्या किरकोळ कामाकडे टोकन होते, एक फार महत्त्वाचे काम त्या टोकनासाठी थांबले होते, आणि मधल्या दर्जाची कामे किरकोळ कामाला पुढे सरकूच देत नव्हती. पृथ्वीवरून एक बदल पाठवून अभियंत्यांनी टोकन धरणाऱ्याला तेवढ्यापुरता वरचा दर्जा मिळेल अशी सोय केली आणि त्रास थांबला. हे सगळे आधीच कागदावर तपासता येणे किती मोलाचे आहे ते यावरून कळते.

त्या तपासणीचा पहिला मोठा नियम १९७३ मध्ये लिऊ आणि लेलँड यांनी दिला. ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा येणारी कामे असतील, तर ज्याचा फेरा लहान त्याचा दर्जा वरचा ठेवा. तीन कामांनी मिळून प्रोसेसरचा सुमारे ७८ टक्क्यांपर्यंत वेळ घेतला तर सगळी वेळेत होणारच. त्याहून जास्त झाला तर? हा नियम गप्प बसतो. १९८६ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मथाई जोसेफ आणि परितोष पंड्या यांनी नेमके उत्तर काढण्याची रीत प्रसिद्ध केली. ती इतकी सोपी आहे की इथेच करून पाहता येते.

तीन कामे घ्या. पहिले दर ४ मिलिसेकंदांनी येते आणि १ मिलिसेकंद घेते. दुसरे दर ६ नी येते, २ घेते. तिसरे दर १२ नी येते, ३ घेते. एकूण भार ८३ टक्क्यांहून थोडा अधिक, म्हणजे जुन्या नियमाच्या पलीकडे. सर्वांत खालच्या दर्जाच्या तिसऱ्या कामाला वाईटात वाईट किती वेळ लागेल? त्याचे स्वतःचे ३ धरून सुरुवात करा. तेवढ्या अवधीत पहिले काम एकदा आणि दुसरे एकदा मध्ये येणार: ३ अधिक १ अधिक २, म्हणजे ६. पण ६ मिलिसेकंदांत पहिले दोनदा येते: बेरीज ७. सातात दुसरेही दोनदा येते: ९. नवात पहिले तीनदा: १०. दहा मिलिसेकंदांत पहिले तीनदाच आणि दुसरे दोनदाच येते, म्हणजे बेरीज पुन्हा १०. आकडा हलायचा थांबला, तेच उत्तर. तिसरे काम कितीही वेळा अडवले गेले तरी १० मिलिसेकंदांत पुरे होते, आणि त्याच्या हाती १२ आहेत.